एअर पिस्तुलाच्या ॲक्सेसरीज: कशावर खर्च करावा आणि काय दुकानातच राहू द्यावे

१० मीटर एअर पिस्तूल शिकणाऱ्या मुलाच्या घरात पहिला धक्का पिस्तुलाच्या किमतीचा बसतो, आणि त्यातून सावरायच्या आत ॲक्सेसरीजची यादी येऊन पडते. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवर्कबाउ यांपैकी कोणतेही मॅच पिस्तूल घेतले, तरी ते ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जर्मनी किंवा इटलीहून आयात झालेले असते आणि लाखाच्या खाली सहसा मिळत नाही. एवढा खर्च झालाच आहे, तर आणखी पाच-दहा हजारांनी काय बिघडते, या हिशेबाने मग खास ग्रिप, आयरिस (लहान-मोठे करता येणारे छिद्र) लावलेला चष्मा, ब्लाइंडर (नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढचा पडदा), बॅरलवर चढवायची वजने, वेगळ्या आकाराचा ट्रिगर, निरनिराळ्या रुंदीच्या फ्रंट साइट (नळीच्या पुढच्या टोकावरच्या नेमपट्ट्या), मनगटाचे पट्टे, छर्रे ठेवायचा ट्रे अशा वस्तू एकेक करून पेटीत जमा होतात. यांतल्या बहुतेक वस्तू मी स्वतः वापरल्या आहेत आणि पुण्यात रेंजवर शिकायला येणाऱ्या मुलांच्या हातांतही पाहिल्या आहेत. त्या आधारावर हा आढावा लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. शरीराला भिडणाऱ्या वस्तूंवर, म्हणजे हातातल्या ग्रिपवर आणि डोळ्यापुढच्या चष्म्यावर, केलेला खर्च वसूल होतो; पिस्तुलाला लटकवायच्या वस्तूंवर केलेला खर्च बहुतेक वेळा होत नाही.

हा आढावा फक्त ४.५ मि.मी., म्हणजे .१७७ च्या एअर पिस्तुलापुरता आहे. मॅच पिस्तुलातून अर्ध्या ग्रॅमहून थोडा हलका छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो, म्हणजे त्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या घरात असते, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलच्या आतल्या .१७७ हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्यात सुवर्णपदक मिळवले, तो २५ मीटर पिस्तूल हा .२२ काडतुसाचा प्रकार आहे. त्याला परवाना लागतो, त्याच्या ट्रिगरचे किमान वजन १००० ग्रॅम असते, त्यात झटका असतो, आणि त्यामुळे त्याच्या ॲक्सेसरीजचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. स्वसंरक्षणासाठी परवान्यावर घेतलेल्या पिस्तुलाला काही जोडावे का, हा प्रश्न या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. आवाज किंवा ज्वाला कमी करणारी जोडणी तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात थेट अग्निशस्त्राच्या व्याख्येतच मोडते, एवढे मात्र ‘नुसती ॲक्सेसरी आहे’ असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

कोणती वस्तू कामाची आणि कोणती शोभेची, हे ठरवायला एक छोटे गणित पुरते. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ ११.५ मि.मी. व्यासाचे असते आणि छर्ऱ्याची कड त्या रेषेला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मि.मी.च्या आत पडला की काम झाले. पिस्तुलाची फ्रंट साइट आणि मागच्या साइटची खाच यांच्यातले अंतर सुमारे ३३० मि.मी. असते आणि टार्गेट त्याच्या जवळपास तीस पट लांब असते. त्यामुळे फ्रंट साइट खाचेत पाव मि.मी. एका बाजूला सरकली, तर छर्रा टार्गेटवर साडेसात मि.मी. सरकतो, म्हणजे दहा कसाबसा वाचतो. याहून थोडी जास्त सरकली की नऊ. उलट, फ्रंट साइट खाचेत मधोमध आणि वरच्या कडा एका रेषेत असतील, तर सगळा हात डोलून नेम बुलवर, म्हणजे टार्गेटच्या मधल्या काळ्या वर्तुळावर, चार-पाच मि.मी. इकडेतिकडे फिरला तरी छर्राही तेवढाच फिरतो आणि दहा सुटत नाही. नवशिक्याला हाताचे डोलणे ठळक दिसते, म्हणून तो डोलणे थांबवणाऱ्या वस्तू शोधत फिरतो. खाचेतली पाव मि.मी.ची चूक दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी तो काहीच विकत घेत नाही. ॲक्सेसरीजचा निम्मा बाजार या गैरसमजावर चालतो. कोणतीही वस्तू समोर आली की मी दोनच प्रश्न विचारतो: हिने फ्रंट साइट खाचेत मधोमध यायला मदत होते का, आणि ट्रिगर दाबताना ती तशीच राहायला मदत होते का?

या दोन्ही प्रश्नांना सर्वांत ठाम ‘हो’ मिळते ते ग्रिपला. मॅच पिस्तुलाची ग्रिप बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते, लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते आणि तिच्या खाली हाताच्या कडेला टेकणारी, वरखाली सरकवता येणारी पट्टी असते. ती आपल्या हाताला बसते का, हे पाहायची रीत सोपी आहे. पिस्तूल नेहमीसारखे धरावे, टार्गेटकडे उचलावे, डोळे मिटून एक-दोन श्वास घ्यावेत आणि मग डोळे उघडावेत. फ्रंट साइट खाचेच्या डाव्या किंवा उजव्या भिंतीला चिकटलेली दिसली आणि दर वेळी त्याच बाजूला दिसली, तर ग्रिप आपली नाही. अशा ग्रिपवर साइट मधोमध आणायला मनगटाने पिस्तूल किंचित पिळून धरावे लागते, आणि नेमके ट्रिगर सुटायच्या क्षणी ते मनगट सैल पडते. प्रशिक्षक ओरडत राहतात, ‘ट्रिगर झटकू नकोस,’ आणि मूल बिचारे न झटकलेल्या ट्रिगरबद्दल बोलणी खात राहते.

यावर बाजारात दोन उपाय मिळतात. पहिला म्हणजे रबराचे आवरण किंवा बॅडमिंटनच्या रॅकेटला गुंडाळतात तशी टेप. हा उपाय मी सरळ बाद करीन. मऊ थर हाताखाली दबतो, घामाने फिरतो, आणि आजची पकड उद्या तशीच लागेल याची खात्री राहत नाही; पकड दर वेळी तशीच लागावी, यासाठी तर ग्रिपवर खर्च करायचा. दुसरा उपाय म्हणजे मापाने बनवलेली ग्रिप. जर्मनीतील रिंकसारखे कारागीर हाताची बाह्यरेषा कागदावर काढून पाठवली की त्यानुसार ग्रिप करून देतात. ती उत्तम असते, यात शंका नाही. पण आयात शुल्क आणि कुरियर धरून तिचा खर्च चांगलाच वाढतो आणि ती आली तरी थोडी घासाघीस करावीच लागते. त्यातून ज्याचा हात अजून वाढतो आहे, अशा तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी ती मागवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

या दोहोंच्या मध्ये जो उपाय आहे, तो कोणत्याही कॅटलॉगमध्ये नसतो आणि आपल्याकडच्या रेंजवर मात्र सर्रास केला जातो: हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे एम-सील. आधी हाताला खडूची पूड लावून ग्रिप धरावी आणि सोडावी. लाकडावर जिथे पांढरे उमटते तिथे हात टेकतो, जिथे लाकूड कोरे राहते तिथे पोकळी आहे. ही पोकळी बहुतेकांच्या बाबतीत तळव्याच्या खळग्यात आणि अंगठ्याच्या मुळाखाली सापडते. एम-सीलचे दोन्ही भाग एकजीव मळून त्याची पातळ वळी त्या जागी दाबावी, वरून स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म पसरावी आणि पिस्तूल टार्गेटकडे धरतो त्याच तऱ्हेने, त्याच जोराने धरून काही मिनिटे थांबावे. टेबलाशी बसून नुसते दाबले तर चुकीच्या पकडीचा साचा निघतो. उभे राहून, हात उचलूनच धरावे. रात्रभर वाळू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी जाड पॉलिश पेपरने कडा उतरवाव्यात. एका वेळी थोडेच भरावे, दोन-तीन दिवस सराव करावा आणि मगच पुढचा थर द्यावा, कारण घासून काढणे हे भरण्यापेक्षा फार किचकट काम आहे.

हे करताना दोन जागा जपाव्या लागतात. ट्रिगरच्या बोटाचे मूळ आणि लाकूड यांच्यामध्ये फट दिसलीच पाहिजे. तिथे पदार्थ भरला तर बोट मागे येताना सगळ्या पिस्तुलाला बाजूला ढकलते. दुसरी जागा म्हणजे खालची पट्टी. ती वर आवळली की पिस्तूल हातात पक्के बसल्यासारखे वाटते, पण मे महिन्यात ६० शॉटच्या मॅचमध्ये हात सुजल्यावर तीच पट्टी तळव्याला चिमटा घेऊ लागते, म्हणून कागदाची दुहेरी घडी सरकेल एवढी मोकळीक तिथे ठेवावी. शिवाय आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमानुसार ग्रिपसकट सगळे पिस्तूल ४२० × २०० × ५० मि.मी.च्या पेटीत बसावे लागते. हौसेने भर घालत गेलेल्या ग्रिपा लांबी-उंचीत सहसा अडकत नाहीत, त्या ५० मि.मी.च्या रुंदीत अडकतात, आणि मग स्पर्धेच्या सकाळी इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलाशेजारी उभे राहून कानस मारणारे पालक पाहायला मिळतात. घरी पुठ्ठ्याची तशी पेटी करून ठेवायला काहीच लागत नाही.

ग्रिपनंतर डोळा. येथे पॅरिस ऑलिंपिकचा विषय टाळता येत नाही, कारण २०२४ पासून प्रत्येक पालक तो काढतोच. मिश्र सांघिक १० मीटर एअर पिस्तुलात तुर्कस्तानच्या ५१ वर्षांच्या युसुफ डिकेच यांनी साधा चष्मा लावून आणि कानांत बोळे घालून रौप्यपदक जिंकले. त्याच प्रकारात मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी कांस्य मिळवले. महिलांच्या वैयक्तिक प्रकारात दक्षिण कोरियाच्या किम येजी यांनी एका डोळ्यापुढे यांत्रिक आयरिस आणि दुसऱ्यापुढे पडदा अशा थाटात रौप्य जिंकले, आणि तिथेही कांस्य २२१.७ गुणांसह मनूचे होते. पहिल्या चित्रावरून ‘चष्माबिष्मा काही लागत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि दुसऱ्यावरून ‘चष्म्याशिवाय गत्यंतर नाही’ असा. दोन्ही निष्कर्ष उथळ आहेत. डिकेच दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरतात आणि २००८ पासून ऑलिंपिकमध्ये उतरत आले आहेत. त्यांना काय लागत नाही, यावरून आठवीतल्या मुलीला काय लागणार नाही, हे ठरत नाही.

फ्रंट साइट डोळ्यापासून सुमारे मीटरभर अंतरावर असते आणि टार्गेट दहा मीटरवर. डोळा एका वेळी दोन्ही स्पष्ट दाखवू शकत नाही. नेमबाजाला फ्रंट साइट आणि खाच स्पष्ट हवी असते आणि बुल धूसर चालतो. कोवळ्या डोळ्याला हे जमते, तरी ६० शॉट आणि ७५ मिनिटे तो ताण धरून ठेवायचा म्हणजे शेवटच्या वीस शॉटमध्ये डोळा बंड करतो. चाळिशी उलटलेल्यांना तर ते जमतच नाही. यावरचा खरा उपाय आयरिस नव्हे, लेन्स आहे. दूरच्या नंबरात साधारण +०.५० मिळवले की शिथिल डोळ्याचा फोकस दोन मीटरच्या आसपास येतो आणि फ्रंट साइट विनासायास स्पष्ट होते. चाळिशीच्या पुढे हीच भर +०.७५ पर्यंत जाऊ शकते. नंबर काढून घ्यायला जाताना डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचे अंतर टेपने मोजून न्यावे, कारण ‘नेमबाजीसाठी’ एवढेच सांगितले तर चष्म्याचा दुकानदार दहा मीटरचा विचार करतो आणि बुल छान दिसणारा, म्हणजे आपल्या दृष्टीने निरुपयोगी, चष्मा करून देतो. ज्याला नंबर आहे त्याने आधी आपल्या साध्या फ्रेममध्ये अशी लेन्स घालून पाहावी; हजार-दीड हजारांत हा प्रयोग होतो.

चॅम्पियन किंवा क्नोब्लोख या नेमबाजीचे चष्मे बनवणाऱ्या कंपन्यांच्या खास फ्रेमचा फायदा वेगळा आहे. नेम धरताना मान वळलेली असते आणि नजर साध्या चष्म्याच्या लेन्समधून तिरकी जाते. खास फ्रेममध्ये लेन्स हवी तशी फिरवून नजरेला काटकोनात आणता येते आणि मग ती तिथेच राहते. ज्याचा नंबर मोठा आहे किंवा ज्याला सिलिंडर आहे, म्हणजे पिस्तुलातला हवेचा नव्हे, चष्म्याचा तिरका नंबर, त्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. ज्याला नंबरच नाही त्याने ही फ्रेम राज्य पातळीवर पोचेपर्यंत पुढे ढकलली तरी चालेल. आयरिस म्हणजे लहान-मोठे करता येणारे छिद्र. छिद्र लहान केले की फ्रंट साइट आणि बुल दोन्ही जास्त रेखीव दिसतात, म्हणून मुले ते बारीक करत जातात, आणि इथेच घोटाळा होतो. आपल्याकडच्या कितीतरी रेंजवर टार्गेटवर झगझगीत दिवे आणि फायरिंग पॉइंटवर मंद ट्यूबलाइट असतो. मि.मी.भर छिद्रातून तिथे खाचेच्या दोन्ही बाजूंच्या प्रकाशरेषा काळवंडतात, आणि साइट मधोमध आहे की नाही, हे ज्यावरून कळायचे तेच दिसेनासे होते. शिवाय बुल स्पष्ट दिसू लागला की नजर फ्रंट साइट सोडून त्याच्याकडे धावते. आयरिस घ्यायचाच तर चांगल्या बनावटीचा घ्यावा. ऑनलाइन मागवलेल्या एका स्वस्त आयरिसच्या पात्या इतक्या सैल होत्या की मान हलली की छिद्राचा मध्यच हलत असे, आणि असा आयरिस नसलेला बरा. पिवळ्या, नारिंगी, हिरव्या फिल्टरांचा इनडोअर रेंजवर मला काहीही उपयोग दिसलेला नाही.

ब्लाइंडरची गोष्ट उलटी आहे: त्याची गरज जवळपास सगळ्यांना असते आणि तो विकत घ्यायची गरज कोणालाच नसते. एक डोळा मिटून नेम धरला की चेहऱ्याचे स्नायू आखडतात आणि उघड्या डोळ्याची पापणीही खाली ओढली जाते. दुसऱ्या डोळ्यापुढे पडदा असला की दोन्ही डोळे उघडे राहतात. हा पडदा काळा नसावा, दुधी असावा. एका डोळ्याला अंधार मिळाला की दुसऱ्याची बाहुलीही विस्फारते आणि फ्रंट साइटची कड मऊ दिसू लागते. नियमाप्रमाणे त्याची रुंदी ३० मि.मी.पर्यंत चालते. आइस्क्रीमच्या डब्याच्या पांढऱ्या झाकणातून कापलेला तुकडा आणि टोपीला लावायची क्लिप, एवढ्यात उत्तम ब्लाइंडर होतो. परदेशी ब्लाइंडर मी वापरला आहे. तो दिसायला देखणा आहे, बाकी फरक नाही.

ट्रिगरच्या बाबतीत मात्र मला विक्रेत्यांचा राग येतो. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचे वजन किमान ५०० ग्रॅम असावे लागते आणि मॅच पिस्तुलाच्या मूळ ट्रिगरची पाती पुढेमागे, तिरकी, कधी वरखालीही करता येते. पहिल्या टप्प्याचे आणि दुसऱ्या टप्प्याचे वजन वेगवेगळे लावता येते. एवढी सोय असताना गोल गोळीचा, बेअरिंगवर फिरणारा किंवा थ्रीडी प्रिंट केलेला रंगीत ट्रिगर विकत घ्यायचे कारण काय? बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग पातीवर सरळ टेकावा, एवढेच साधायचे असते, आणि ते एका ॲलन कीने साधते. ज्यांनी पुस्तिका उघडून मूळ ट्रिगर कधी हलवूनही पाहिलेला नाही, असेच लोक नवा ट्रिगर घेताना मी पाहतो.

याउलट, ट्रिगर तपासायचे ५०० ग्रॅमचे वजन ही कोणी न घेतलेली आणि प्रत्येकाने घ्यावी अशी वस्तू आहे. पिस्तूल उभे धरून ट्रिगरने हे वजन जमिनीवरून उचलायचे आणि ट्रिगर सुटता कामा नये, अशी ती चाचणी असते. मॅच संपल्यावरही अचानक तपासणी होते आणि तिच्यात ट्रिगर हलका निघाला तर खेळाडू बाद होतो. ते सगळे ६० शॉट गेले. कोणी घरी शिसे ओतून असे वजन करत असेल, तर ते सोनाराच्या काट्यावर तोलून घ्यावे, किराणावाल्याच्या नव्हे. ट्रिगर ५०० वर काठोकाठ न ठेवता दहा-वीस ग्रॅम वर ठेवावा. त्या दहा-वीस ग्रॅमने कोणाचा दहा हुकलेला मला माहीत नाही.

बॅरलखाली लावायची वजने बहुतेक पिस्तुलांच्या खोक्यातच येतात. ती पुढे सरकवली की पिस्तूल नाकाकडे जड होते आणि साइटची बारीक थरथर मंदावते, हे खरे आहे; पण ती थरथर मंदावली म्हणजे खाचेतली चूक कमी झाली असे नाही, आणि चाळिसाव्या शॉटनंतर तोच भार खांद्यावर येतो. नियमात १५०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे, तरी मोठे नेमबाजही त्या मर्यादेच्या जवळपास जात नाहीत, यातच काय ते समजावे. शालेय मुलांनी आहेत ती वजनेही काढून ठेवावीत. मोठ्या माणसाला प्रयोग करायचाच असेल, तर टायरच्या दुकानात चाकाच्या बॅलन्सिंगसाठी चिकटवतात त्या पाच-पाच ग्रॅमच्या पट्ट्या मागाव्यात. चार पट्ट्या इकडेतिकडे हलवून आपल्याला काय रुचते ते कळते, आणि नंतर त्या उचकटून टाकता येतात.

फ्रंट साइटच्या वेगवेगळ्या रुंदी हा थोडा अधिक विचार करण्याजोगा प्रकार आहे. फ्रंट साइट साधारण ४.५ मि.मी. रुंद असते आणि हात लांब केल्यावर ती बुलापेक्षा किंचित अरुंद दिसते. ज्याचे हात फार लांब किंवा फार आखूड आहेत, त्याला वेगळी रुंदी मानवू शकते. मात्र बहुतेक पिस्तुलांत मागच्या खाचेची रुंदी स्क्रूने बदलता येते आणि खरे महत्त्व फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना किती प्रकाश दिसतो याला असते. म्हणून आधी खाच बदलून पाहावी. प्रकाशरेषा फार बारीक ठेवल्या तर डोळा शिणतो, फार रुंद ठेवल्या तर मध्य कळत नाही. प्रत्येक रेषा फ्रंट साइटच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असली की नवशिक्याने पुढे खटाटोप करू नये.

छर्ऱ्यांचे ट्रे, छर्रा आत बसवायची दांडी, पिस्तूल टेकवायचा स्टँड, साइट काळी करायचा स्प्रे या वस्तू सोयीच्या आहेत, गुणांच्या नाहीत. ४.४९ की ४.५० असा छर्ऱ्याच्या डोक्याच्या मापाचा काथ्याकूट पिस्तूल क्लॅम्पमध्ये बांधून चाचणी करता येत असेल तरच करावा. नेमबाजीचे खास बूट चांगले असतात, पण घोटा झाकणारे चालत नाहीत, आणि सपाट तळाच्या बॅडमिंटनच्या बुटांवर जिल्हा पातळी आरामात निभावते.

यापेक्षा, ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, अशा दोन-तीन क्षुल्लक वस्तूंवर पैसे खर्च करावेत, असे मी आग्रहाने सांगेन. मॅच पिस्तुलाचे हवेचे सिलिंडर २०० बार दाबाने भरतात. जिथे मोठी टाकी नाही तिथे हातपंप वापरला जातो, आणि मुंबई, ठाणे किंवा कोकणात जुलै महिन्यात हातपंप मारणे म्हणजे सिलिंडरमध्ये हवेबरोबर पाणी भरणे आहे. हवा दाबली की तिच्यातली वाफ साचते, ती सिलिंडरच्या आत आणि रेग्युलेटरमध्ये, म्हणजे हवेचा दाब एकसारखा ठेवणाऱ्या भागात, उतरते, गंज धरतो, आणि मग एखाद्या दिवशी छर्ऱ्यांचा वेग विनाकारण वरखाली होऊ लागतो. पंपाला जोडायचा ओलावा शोषणारा फिल्टर फार महाग नसतो. त्यातले सिलिका जेल पावसाळ्यात वारंवार बदलावे किंवा वाळवावे लागते, आणि तेवढे केले की रेग्युलेटरची दुरुस्ती टळते. ही दुरुस्ती पुष्कळदा आयात केलेल्या सुट्या भागांवर अडून बसते, तेव्हा पिस्तूल महिना-महिना हातात नसते.

आपल्या पिस्तुलाच्या मापाच्या ओ-रिंग (सांध्यातून हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्या), सिलिकॉन ग्रीसची लहान डबी आणि एक जादा सिलिंडर हेही पेटीत असावे. घरात आहे म्हणून साधे तेल किंवा गाडीचे ग्रीस उच्च दाबाच्या हवेच्या सांध्याला कधीही लावू नये. ते पेट घेऊ शकते. जुने पिस्तूल विकत घेणाऱ्याने ग्रिपच्या मापाच्याही आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचावी, कारण मुदत साधारण दहा वर्षांची असते आणि मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, भरणेही धोक्याचे असते. स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलाबरोबर दोन्ही सिलिंडर नवी घ्यावी लागली, तर ते स्वस्त राहत नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन मॅचमध्ये बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला, आणि ६०० पैकी ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. तिचा बिघाड ओ-रिंगने सुटणारा नव्हता, पण ऐन मॅचमध्ये थांबलेले पिस्तूल काय करू शकते, हे त्यावरून कळावे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असलेल्यांनी नव्या बॅटऱ्या आणि ॲलन कीचा संच कमरेच्या पाउचमध्येच ठेवावा, गाडीतल्या बॅगेत नव्हे.

मनगटाच्या पट्ट्यांबद्दल लिहायचे कारण इतकेच की ते अजूनही ‘पिस्तूल शूटर्ससाठी खास’ म्हणून विकले जातात. पिस्तूल धरणाऱ्या हातावर आधार देऊ शकेल असे काहीही, मग तो पट्टा असो, घड्याळ असो की ब्रेसलेट, नियमात बसत नाही. जाड गंडा किंवा कडे असेल तर पंचांनी काढायला सांगण्याआधीच ते दुसऱ्या हातात घालावे. सरावात पट्टा वापरून स्पर्धेत काढायचा, ही कल्पना तर अगदीच अडाणी आहे, कारण मनगट तेवढ्यापुरते आळशी होऊन बसते.

एकंदर पाच हजार रुपये हाताशी असतील तर माझ्या मते त्यांची वाटणी अशी व्हावी: एम-सील आणि पॉलिश पेपर, योग्य नंबरची लेन्स, ट्रिगरचे वजन, ओ-रिंगचा संच, आणि पंप वापरत असल्यास फिल्टर. उरलेल्या पैशांचे छर्रे घ्यावेत. खास फ्रेम आणि मापाची ग्रिप यांचा विचार हात वाढायचा थांबल्यावर आणि गुण ५६० च्या आसपास स्थिरावल्यावर करावा, कारण त्याच्या आधी ग्रिपमधला बदल आणि आपल्यातला बदल वेगळे ओळखता येत नाहीत. कोणतीही वस्तू घेताना विक्रेत्याकडून पक्के बिल मागावे आणि वस्तू परत घेण्याची अट त्यावर लिहून घ्यावी. ‘स्पोर्ट्सचा माल परत होत नाही’ हे उत्तर ग्रिपच्या बाबतीत तर मुळीच स्वीकारू नये, कारण हातात धरून, डोळे मिटून आणि उघडून पाहिल्याशिवाय ती आपल्याला बसते की नाही, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.